मैलागणिक मोल

चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटरांवर, वंडलूरहून वालाजाबादकडे जाणारा रस्ता आणि सिंगपेरुमाळ कोविलहून श्रीपेरुंबुदूरकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या चौफुलीच्या गावाचे नाव ओरगडम. भातखाचरे आणि पावसाच्या पाण्याने भरणारी विस्तीर्ण तळी एवढेच या मुलखाचे वैभव होते, आणि दूरचा माणूस इकडे फिरकलाच तर तो जवळच्या श्रीपेरुंबुदूरला, रामानुजाचार्यांच्या जन्मस्थानी, दर्शनाला म्हणून येई. पुढे तमिळनाडू सरकारच्या सिपकॉट या महामंडळाने येथे जमिनी संपादून औद्योगिक वसाहत उभारली. २०१० च्या मार्च महिन्यात रेनो-निसानचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, आणि १८ एप्रिल २०१२ रोजी डाइमलर या जर्मन कंपनीने चारशे एकरांच्या आवारात ‘भारतबेंझ’ या नावाच्या ट्रकांचा कारखाना उघडला. चाकणच्या माळावर पुणेकरांनी जे स्थित्यंतर डोळ्यांदेखत पाहिले, त्याचेच हे तमिळ भावंड होय. आणि या दोन वसाहतींमधला साडेअकराशे किलोमीटरांच्या आसपासचा रस्ता हा आज ट्रकवाल्यांच्या पायाखालचा झालेला आहे.

कारखान्यात तयार झालेला ट्रक विक्रेत्याच्या आवारापर्यंत किंवा नामक्कल-तिरुचेंगोडच्या बॉडी बांधणाऱ्यांपर्यंत बहुधा स्वतःच्याच चाकांवर जातो, आणि तो चालवीत नेणारा माणूस ना कारखान्याचा नोकर असतो ना खरेदीदाराचा. मक्तेदार त्याला एका खेपेपुरता बोलावतो, गाडी आणि तात्पुरत्या नोंदणीचे कागद त्याच्या हवाली करतो, आणि ती ठरल्या जागी पोचती करून पावती आणली म्हणजे त्याचे मोल चुकते करतो. हे मोल ठरविण्याची या धंद्यातील प्रचलित रीत म्हणजे किलोमीटरमागे इतके रुपये. बोली ऐकावयास इतकी सरळ वाटते की तीत घासाघीस करण्याजोगे फक्त आकड्याचेच असावे, असा कोणाही नवख्याचा समज व्हावा. वस्तुतः रस्त्यावरच्या माणसाला अंतराच्या मापाने मोल देण्याची रूढी आपल्या देशात फार जुनी आहे, आणि तिचा इतिहास चाळला असता असे आढळते की जाणत्या धन्यांनी आणि जाणत्या चाकरांनी घासाघीस केली ती दराबाबत थोडी आणि दराबाहेरच्या गोष्टींबाबत अधिक.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजसेवकांच्या वेतनाचे जे प्रकरण आहे, त्यात अमात्य-पुरोहितांपासून हेर-शिलेदारांपर्यंत सर्वांचे मुशाहिरे पणांच्या ठोक रकमेत सांगितले असताना, दूतापाशी येताच ग्रंथकार माप बदलतो. मध्यम प्रतीच्या दूताला योजनामागे दहा पण द्यावेत आणि दहा योजनांपलीकडे, शंभर योजनांपर्यंत, हे वेतन दुप्पट करावे, असा त्याचा नियम आहे. लांबच्या वाटेला दर चढवावा, हे या नियमाचे मर्म. आजचा हिशेबनीस बरोबर याच्या उलट बोलतो: खेप लांबली की चढणे-उतरणे, थांबणे, कागद करणे यांचा बोजा अधिक किलोमीटरांवर विभागला जातो, सबब लांबच्या खेपेचा दर उतरता असावा. दोन्ही युक्तिवाद आपापल्या जागी खरे आहेत. आजचा युक्तिवाद गाडीकडे पाहून केलेला आहे आणि कौटिल्याचा घरापासून दूर जाणाऱ्या माणसाकडे पाहून, एवढाच काय तो भेद. आणि कौटिल्यासारख्या कवडीचुंबक अर्थवेत्त्याने येथे हात सैल सोडावा, याचे मला तरी पहिल्यापासून नवल वाटत आलेले आहे.

मराठेशाहीत ओरगडमच्या या परिसराशी आपला संबंध आला तोही दूतांच्या पायांनीच. येथून नैर्ऋत्येस शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर जिंजीचा किल्ला आहे. १६७७ साली शिवछत्रपतींनी तो घेतला, आणि १६८९ च्या अखेरीस राजाराम महाराज तेथे पोहोचल्यापासून १६९८ साली किल्ला मोगलांच्या हाती पडेपर्यंत मराठी राज्याचे सिंहासन जिंजीत आणि कारभार रामचंद्रपंत अमात्यांच्या हाती सह्याद्रीत, अशी विलक्षण अवस्था होती. झुल्फिकारखानाचा वेढा, मधला मुलूख मोगली ठाण्यांनी भरलेला, आणि तरीही वतनांच्या सनदा, सरदारांस आज्ञा आणि पैशाचे तगादे यांची जा-ये चालू राहिली ती पायी चालणाऱ्या जासुदांच्या जोरावर. पुढे पेशवाईत या व्यवहाराला पक्का शिरस्ता आला. जासूद जोडीने निघत. कायमच्या नोकरांखेरीज खेपेपुरते ठरविलेले अजुरदारही असत, आणि त्यांना अजुरा किती दिला आणि किती रोजांची बोली केली, याचा उल्लेख पत्रांत आढळतो. वाटेवर किती कोस पडले हे जासुदाने मोजावे आणि किती रोज लागले हे धन्याने, अशी ही वाटणी होती. पल्ला आणि मुदत यांची सांगड घालणारा हा करार निव्वळ अंतराच्या करारापेक्षा शहाणपणाचा होता, कारण ज्याला उत्तर घेऊन परत यावयाचे आहे तो माणूस दरबारात चार दिवस तिष्ठत बसला तर ते चार दिवस कोणाच्या खाती पडावेत, हा प्रश्न मुदतीच्या बोलीत निदान उपस्थित तरी होतो. कोसांच्या बोलीत तो उपस्थितच होत नाही.

इंग्रजी अमलात या प्रश्नाला एक नेटके उत्तर सापडले होते, आणि ते सापडले पालखीच्या डाकेत. आगगाडी येण्यापूर्वी साहेबाला दूरच्या प्रवासाला निघावयाचे असले म्हणजे तो पोस्टमास्तराकडे आगाऊ वर्दी देई, आणि पोस्टमास्तर वाटेवर सुमारे दहा-दहा मैलांच्या टप्प्यांनी भोई उभे करण्याची तजवीज करी. पालखीला आठ भोई, रात्रीसाठी मशालजी, सामानाच्या कावडीला बंगी-बरदार. आकार मैलागणिक. परंतु एवढ्याने भागत नसे. आकाराखेरीज प्रवाशाकडून खोळंब्यापोटी वेगळी अनामत भरून घेत; साहेब एखाद्या बंगल्यात जेवणावर रेंगाळले, आणि पुढच्या टप्प्याचे भोई ठरल्या वेळेपासून झाडाखाली बसून राहिले, तर ती रक्कम त्यांच्या खाती जाई, आणि विलंब न घडला तर साहेबाला परत मिळे. भोयांना वागविण्याच्या साहेबी तऱ्हेबद्दल चांगले लिहिण्यासारखे फार थोडे आहे. तथापि थांबण्याचे मोल आगाऊ वसूल करून ठेवण्याची ही पद्धत मला आजवरच्या सर्व पद्धतींत सरस वाटते, कारण तीत भोयाला भांडावे लागत नसे. भांडण करून पैसे मागण्याचे ओझे, मागावयाचे असलेच तर, साहेबाच्या डोक्यावर होते.

आगगाडीने हीच गोष्ट नियमपुस्तकात बसविली. रेल्वेच्या धावत्या कर्मचाऱ्यांना, म्हणजे इंजिन चालविणाऱ्यांना आणि गार्डांना, पगाराच्या जोडीला पूर्वी मैलांवर आणि दशमान मापे आल्यापासून किलोमीटरांवर भत्ता मिळत आलेला आहे, आणि त्याचा दर आजही शंभर किलोमीटरांमागे सांगतात. पण ज्या दिवशी अशा माणसाला धावत्या कामाऐवजी स्थानकावरच्या कामाला लावतात, त्या दिवशी त्याची गाडी एक इंचही पुढे गेली नसली तरी त्याच्या खाती १६० किलोमीटर मांडले जातात. १६० हा आकडा कोठून आला हे कळावयास मैलांकडे वळावे लागते. १६० किलोमीटर म्हणजे शंभर मैल, आणि शंभर मैल म्हणजे रेल्वेवरच्या माणसाचा एक दिवस, हे समीकरण अमेरिकेतल्या आगगाड्यांवरही रूढ होते. तेथे १९१६ च्या ॲडमसन कायद्याने कामाचा दिवस आठ तासांचा झाला, तरी शंभर मैलांचे माप तसेच टिकून राहिले. अंतराचे मोल स्वीकारूनही त्याच्या पोटात दिवसाची हमी कशी ठेवावी, याचा हा नमुना आहे, आणि तो बनविण्यास संघटना लागल्या, संप लागले, सरकारे लागली.

रस्त्यावरच्या मोटारीला मात्र हा वारसा मिळाला नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने चालकाला पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असे ठरविले आणि दिवसाच्या व आठवड्याच्या तासांवर मर्यादा घातली. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने सार्वजनिक मोटार वाहतुकीचा धंदा आपल्या अनुसूचीत घेतला, आणि त्याच कायद्यात, कामाच्या नगावर मोल घेणाऱ्यालाही वेळेच्या मापाने एक हमीचा दर असावा, ही तरतूद होती. किलोमीटर हाही एक नगच, हे ध्यानात घेतले असते तर पुढचा पुष्कळसा अनर्थ टळता. मग १९६१ साली मोटार परिवहन कामगार कायदा आला. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला तो लागू, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. कामाचे तास म्हणजे काय, याची व्याख्या करताना या कायद्याने गाडी चालत असतानाचे काम आणि त्याला लागून असलेले जोडकाम हे तर धरलेच. शिवाय मुक्कामाच्या ठिकाणची नुसती हजेरीही धरली, पण कोणती, तर पंधरा मिनिटांच्या आतली. व्याख्येच्या कलमात हे पंधरा मिनिटांचे शब्द शांतपणे बसलेले होते. कारखान्याच्या फाटकाबाहेर सहा तास उभ्या असलेल्या गाडीत बसलेल्या माणसाला ते वाचून दाखवावेत आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहावे. मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा एस.टी.चे स्थानक असावे, जेथे एक फेरी संपली की पाव तासात दुसरी निघते. ट्रकचा अड्डा त्यांनी पाहिलेला नसावा.

ओरगडमच्या गाडीपोच चालकाची वंशावळ लिहावयाची तर तिचा आरंभ जमशेदपुरात होतो. १९५४ साली टेल्कोने याच डाइमलर-बेंझच्या सहकार्याने तेथे ट्रक बनविण्यास प्रारंभ केला, आणि तयार गाड्या देशाच्या चारी दिशांना चालवीत नेणारा एक वर्ग निर्माण झाला, ज्याला कॉन्व्हॉय ड्रायव्हर म्हणत. पुण्या-मुंबईकडच्या रस्त्यांवर ज्यांचे बालपण गेले त्यांना या गाड्यांची रांग आठवत असेल. केबिन नाही, टप नाही, दरवाजे नाहीत. नुसता सांगाडा, पुढे इंजिन, फळ्या ठोकून केलेली बैठक, आणि तिच्यावर डोक्याला मफलर गुंडाळून, डोळ्यांना गॉगल लावून बसलेला माणूस, बाजूला दोरीने आवळलेली वळकटी. पावसाळ्यात तो भिजत जाई आणि हिवाळ्यात घाटमाथ्यावर कुडकुडत. आजची ओरगडमची गाडी बंद केबिनची असते, आणि नव्याने बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे असा नियमही झाला आहे. बैठक सुधारली, यात शंका नाही. बोली मात्र सुधारली नाही.

जमशेदपूरच्या या माणसांनी, सुमारे नऊशे जणांच्या वतीने, आपणांस टेल्कोचे कायम नोकर मानावे अशी मागणी कंपनीकडे केली. कंपनीचे म्हणणे असे की हे आमचे नोकरच नव्हेत. श्रमखात्याने तेच ग्राह्य धरले, आणि तंटा औद्योगिक न्यायाधिकरणाकडे सोपविण्यास बिहार सरकारने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ सालच्या निकालात न्यायालयाने सांगितले की ही माणसे नोकर आहेत की नाहीत हाच तर वाद आहे, आणि त्याचा निवाडा करणे हे न्यायाधिकरणाचे काम आहे, सरकारने तो स्वतःच करून टाकू नये. आणि वाद न्यायाधिकरणाकडे पाठविण्याचा आदेश दिला. कामगार कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल सरकारच्या अधिकारमर्यादेसाठी पाठ करावा लागतो. मला त्यातली मूळ कैफियत अधिक मोलाची वाटते. नवी कोरी गाडी, जिची किंमत त्या माणसाच्या आयुष्याच्या कमाईहून अधिक, ती त्याच्या हाती निःशंक सोपवावयाची, आणि तो कोणाचा माणूस असे कोणी विचारले तर एकानेही हात वर करावयाचा नाही, ही स्थिती किलोमीटरच्या बोलीशी निगडित आहे. मासिक पगार देणाऱ्याला धनी व्हावे लागते. किलोमीटर विकत घेणाऱ्याला गिऱ्हाईक होऊन भागते.

अमेरिकेत, जेथे लांब पल्ल्याच्या चालकाला मैलामागे सेंट मोजण्याची रूढी सर्वांत अधिक फोफावली, तेथेही १९३८ च्या श्रमकायद्याने जादा कामाच्या वाढीव वेतनातून अशा चालकांना वगळले, आणि मैल मोजावयाचा कोणता, नकाशावरचा की चाकाखालचा, यावर तेथे मालक-चालकांचा वाद जुनाच आहे. छापील कोष्टकातले अंतर एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंतचे असते. गाडी मात्र अमुक गोदामापासून तमुक गोदामापर्यंत जाते, वळणाने जाते, बंद पुलाला वळसा घालून जाते. आपल्याकडे मक्तेदाराच्या तक्त्यातले किलोमीटर आणि गाडीच्या काट्यावरचे किलोमीटर यांची रुजुवात केली तर दरवेळी तूट चालकाच्याच बाजूला का निघते, याचा उलगडा त्याने होतो.

रस्ता मात्र सुधारला, हे कबूल केलेच पाहिजे. सुवर्ण चतुष्कोनाचा मुंबई-चेन्नई हा भुज १,२९० किलोमीटरांचा. त्याच्या चौपदरीकरणाआधी या वाटेवर कागल-निपाणीच्या सीमेवर, पुढे अत्तिबेले-होसूरच्या सीमेवर, आणि जकात नाक्यांवर गाड्यांच्या रांगा लागत, आणि रात्र नाक्यावर काढणे हा खेपेचाच भाग समजत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर विक्रीकराचे तपासणी नाके उठले, जकात गेली. तेवढ्यापुरती चालकाची सुटका झाली. पण थांबणे संपले नाही, ते नाक्यावरून फाटकावर सरकले. माल साठवून ठेवण्याचा खर्च कारखान्यांनी गोदामातून काढून टाकला आणि तो फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या माथी आला. गाडी हेच गोदाम झाले आणि चालक हा त्याचा बिनपगारी पहारेकरी. नाक्यावरच्या खोळंब्याला सरकार जबाबदार होते, त्याविरुद्ध मोर्चा काढता येई, वर्तमानपत्रात लिहिता येई. फाटकावरच्या खोळंब्याला कोणाचेच नाव नाही.

आता एखादा तरुण ओरगडमच्या चौफुलीवर दोन बोल्या घेऊन उभा आहे असे समजा. आकडे मी केवळ हिशेबासाठी कल्पिलेले आहेत. एक मक्तेदार म्हणतो, चाकणपर्यंतच्या ११५० किलोमीटरांना सहा रुपये दर, बाकी काही नाही. दुसरा म्हणतो पाच रुपये, पण परतीचे भाडे माझे, आणि गाडी ताब्यात मिळेपर्यंत किंवा उतरवून घेईपर्यंत थांबावे लागले तर रोजी पाचशे रुपये. पहिल्याचे ६,९०० आणि दुसऱ्याचे ५,७५० होतात, आणि तरुण पहिल्याकडे वळतो. त्याने थोडे थांबून दिवस मोजावेत. नवी गाडी बेताने चालवीत नेण्यास चार दिवस, गाडी मिळण्यापूर्वी एक आणि पोचल्यावर एक असे थांबण्याचे दोन, परतीला दोन, मिळून आठ. दिवसाला तीनशे रुपये खाण्यापिण्यास धरले तर २,४०० गेले. परतीला १,२०० धरले तर पहिल्या बोलीत उरले ३,३००, म्हणजे रोजचे ४१२. दुसऱ्या बोलीत थांबण्याचे हजार मिळाले, परतीचे द्यावे लागले नाहीत, जेवणाचे वजा जाता उरले ४,३५०, रोजचे ५४३. एक रुपयाने हलकी असलेली बोली रोजी सव्वाशे रुपयांहून अधिक भारी ठरते. आणि थांबण्याचे दोन दिवस चार झाले, जे होण्यास मुळीच वेळ लागत नाही, तर पहिल्या बोलीचा रोज तीनशेच्याही खाली घसरतो, दुसरीचा पावणेपाचशेवर टिकून राहतो.

हा हिशेब करण्यास फार शिक्षण लागते असे नाही. मोटार अड्ड्यावरचे जुने ड्रायव्हर तो तोंडी करतात आणि नव्याला पहिला प्रश्न ‘रेट किती’ असा न विचारता ‘रिटर्नचं काय, होल्टिंगचं काय’ असा विचारावयास शिकवितात. महाराष्ट्रातल्या ट्रकमालकांनी ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही घोषणा देऊन वाराईच्या, म्हणजे माल चढविण्या-उतरविण्याच्या, रकमेवर वर्षानुवर्षे भांडण मांडले, ते योग्यच केले. मात्र त्याच मालकांनी आपल्या चालकाला फाटकावरच्या तासांचे काय दिले, हे विचारले असता चर्चा बहुधा डिझेलच्या भावाकडे वळते. ज्याची गाडी त्याचा खोळंबा, असे म्हणण्याची वेळ आता त्यांच्यावर आलेली आहे.

कारखान्याच्या फाटकावर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ पहारेकरी आजही लिहून ठेवतो. चोरी होऊ नये म्हणून तो ती लिहितो. त्या दोन वेळांमधली वजाबाकी चालकाच्या खेपेच्या चिठ्ठीवर उतरवावी, आणि पंधरा मिनिटांपुढच्या प्रत्येक तासाला दर लावावा. त्यासाठी नवे यंत्र नको, नवे खाते नको, कारकुनाच्या लेखणीची एक ओळ पुरे. ओरगडमच्या आणि चाकणच्या कारखानदारांनी ही ओळ लिहावयास आरंभ करावा, आणि तोवर चालकांनी ज्या बोलीत ती नाही ती बोली स्वीकारू नये.